साडेचार इंच

माझा थोरला भाऊ सव्वासहा फूट उंच. आमच्या गावात एवढ्या उंचीचं कौतुक कमी आणि अडचण जास्त. दारांच्या चौकटी नेमक्या त्याच्या कपाळाच्या उंचीवर, एसटीच्या सीटमध्ये गुडघे मावत नसत, बाजेवर झोपला की पाय बाहेर. शाळेतले गुरुजी त्याला आजानुबाहू म्हणायचे, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. आई त्याला नवा सदरा शिवून आणायची तेव्हा तो अंगात बरोबर बसायचा आणि बाह्या मात्र मनगटाच्या वर चार बोटं. ती दरवर्षी शिंप्याशी भांडायची. शिंपी म्हणायचा, "बाई, पोरगं उंच हाय ते म्या धरलंय. पर हात एवढं लांब आसतील हे मला काय सपान पडलं का?" हे सगळं मी लहानपणापासून पाहिलं, ऐकलं आणि त्यावर हसलो. पुढे जेव्हा ते आठवायला हवं होतं, तेव्हा नेमकं आठवलं नाही.

मी त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटा, पाच फूट सात इंच, आयटीआय झालेला फिटर. आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, आणि सायकलीच्या अंतरावर सहकारी साखर कारखाना. त्याच्या वर्कशॉपमध्ये मी कायम कामगार होतो. या 'कायम' शब्दाची मला भारी मिजास होती. दादा हंगामी. बॉयलर पेटला की त्याला काम, गाळप संपलं की घर. पण हंगामी तर हंगामी, ते काम त्याला देवासारखं होतं, कारण त्याआधी सात वर्षं तो आणि वहिनी ऊस तोडायला पश्चिमेकडे जात होते. दिवाळी झाली की संसार ट्रकमध्ये टाकायचा आणि पाच-सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत, राहायचं. वहिनीचं पहिलं मूल तिथेच जन्मलं आणि तिथेच गेलं. त्यावर ती कधी बोलली नाही. कारखान्यात काम लागलं त्या दिवशी दादा आमच्यासमोर तिला म्हणाला, "आता तुज्या हातात परत कोयता देत न्हाई." वहिनीने दोन्ही कोयते गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकले.

दादाला पहिल्यांदा काम मिळालं ते गव्हाणीवर, म्हणजे गाडीतला ऊस जिथे मशीनवर पडतो तिथे. मग कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून फौजेतून निवृत्त झालेले एक साहेब आले. गेटवर उंच माणूस शोभतो म्हणून त्यांनी दादाला गव्हाणीवरून उचलून गेटवर उभा केला. या साहेबांना गोल्फचा नाद. आता आमच्या भागात गोल्फ म्हणजे काय हे कुणाला ठाऊक असणार? त्यांनी कॉलनीच्या मागच्या मुरमाड पडीक जमिनीवर चार जागी डबे पुरले, प्रत्येक डब्याभोवती वाळूत मिलचं जळकं तेल कालवून सपाट पाट बनवले, आणि रोज संध्याकाळी एक जाड पिशवी घेऊन तिथे एकटेच फिरू लागले. पिशवीत आठ काठ्या. सात लोखंडी पात्यांच्या, एक लाकडी डोक्याची. कामगार लांबून बघायचे आणि म्हणायचे, साहेब विंचू मारतोय.

पिशवी उचलायला दादा. एके दिवशी साहेबांनी गंमत म्हणून एक काठी त्याच्या हातात दिली. दादाने फटका मारला तो चेंडू बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगावरून पलीकडे गेला. साहेब त्या ढिगाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "परत मार." त्याने परत मारला. पुढची दोन वर्षं रोज संध्याकाळी दोघांचा हाच उद्योग. मी सुटीनंतर सायकल टेकवून बघत बसायचो. माझा भाऊ एवढा देखणा दिसतो हे मला तिथे कळलं. चौकटीत वाकणारा, बसमध्ये आखडून बसणारा माणूस तिथे उघड्यावर पुरा उभा राहायचा आणि हात फिरवायचा. फक्त चेंडूपुढे उभं राहताना तेवढा वाकायचा. काठ्या साहेबांच्या मापाच्या, आणि साहेब माझ्याएवढे.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. पहिल्या वर्षी विहिरी गेल्या, दुसऱ्या वर्षी बोअर गेले. शेतातला ऊस उभ्या उभ्या वाळला, आणि जो थोडा हिरवा राहिला तो जनावरांपुढे टाकायला गेला. संचालक मंडळाची बैठक झाली आणि फळ्यावर कागद लागला की यंदा गाळप नाही. आम्हा कायम लोकांना देखभालीच्या नावाखाली बोलवत होते. हंगामी लोक तो कागद वाचून घरी गेले. दादाही गेला. साहेबांची नेमणूकही संपवली गेली. गोल्फच्या पडीक जमिनीवर कारखान्याने जनावरांची छावणी उघडली. जळक्या तेलाच्या पाटांवर गाई बसू लागल्या.

साहेब जायच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये आले. पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ही तुझ्या भावाला. पुण्याकडे एक मैदान आहे, तिथे माझे मित्र आहेत. नव्या लोकांना शिकवायला आणि मैदान सांभाळायला त्यांना माणूस हवाय. राहायला खोली देतात. पण आधी कमिटीसमोर खेळून दाखवावं लागेल. तारीख कळली की पत्र टाकतो." जाता जाता दारात थांबले. "आणि त्याला या काठ्या आखूड पडतात. त्याच्या मापाच्या करून दे. माप नीट घे." मी म्हणालो, "साहेब, ते माझ्यावर सोडा." हे वाक्य मी किती ऐटीत बोललो होतो ते मला आजही ऐकू येतं.

पत्र यायला दीड महिना लागला. तेवढ्या काळात मुकादम दोनदा दारात येऊन गेला. मुकादम म्हणजे तोडीची टोळी जमवणारा माणूस. आमच्याकडे ऊस नव्हता तरी नदीकाठच्या कारखान्यांना होता, आणि दुष्काळात त्यांना माणसं हवी तेवढी मिळतात. दादा त्याला म्हणायचा, "थांबा जरा." वहिनी टँकरच्या रांगेतून दोन घागरी घेऊन यायची, मुकादमाला बघून आत जायची आणि तो गेल्यावरच बाहेर यायची. तिने एकदा मला विचारलं, "भावजी, त्या मैदानात पानी हाय का हो?"

मी म्हणालो, "वहिनी, तिथं गवताला पाणी देतात. रोज."

"गवताला?" ती म्हणाली. रांजणात वाकून पाहिलं. मग म्हणाली, "आपल्याला रोज एक कळशी दिली तरी लई झालं."

दादा रोज सकाळी छावणीच्या कडेला जाऊन कोरड्या पाझर तलावात चेंडू मारायचा. दुष्काळाचा एकच फायदा झाला, चेंडू हरवत नव्हता. तळाच्या भेगाळलेल्या मातीत तो पांढरा ठिपका अर्ध्या मैलावरून दिसायचा. साहेबांच्या आखूड काठ्यांनी वाकून का होईना, पण तो सरळ मारायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पत्र आलं, त्यात सहा दिवसांनंतरची तारीख होती, आणि मी कामाला लागलो.

आता मी काय केलं ते नीट सांगतो, कारण यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. वर्कशॉपमध्ये काम नव्हतं. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगचा संच सगळं रिकामं. मी खिडकीजवळ बसलो आणि कागदावर त्रैराशिक मांडलं. साहेब पाच फूट सात, त्यांची मधली काठी सदतीस इंच. दादा सहा फूट तीन, तर त्याची काठी किती? शाळेत गणितात मी कच्चा नव्हतो. उत्तर आलं साडेएक्केचाळीसच्या आसपास. म्हणजे प्रत्येक काठी साडेचार इंच वाढवायची. मला फार समाधान वाटलं. गणितानं आलेलं उत्तर, त्यात चूक कुठून असणार?

आमच्या गावचा सुतार, तेव्हाच म्हातारा झालेला, आपली दोन बैलं घेऊन छावणीत राहायला आला होता. पेरणीच नाही तर औतांचं काम कुठलं? तो दिवसभर वर्कशॉपच्या दारात सावलीला बसायचा. या सुताराची एक रीत होती. नांगराचं रुमणं, म्हणजे जे हातात धरून नांगर चालवायचा तो दांडा, बनवायच्या आधी तो शेतकऱ्याला आपल्या छपरात अनवाणी उभा करायचा. म्हणायचा, "उभा राह्य. हात सोड." हात सैल खाली सोडले की मनगटापासून जमिनीपर्यंत सुतळी धरायची आणि तिथे गाठ मारायची. प्रत्येक घराची अशी एक सुतळी त्याच्या छपराच्या वाशाला लटकत असे आणि ओळखायला तिला काहीतरी बांधलेलं, कुणाची कवडी, कुणाचा मणी. आमच्या सुतळीला निळी चिंधी होती. वडील गेल्यावर नांगर दादाच्या हातात आला तेव्हा सुताराने वडलांची सुतळी सोडून दादाची बांधली होती. मी तेव्हा तिथेच उभा होतो, चिंधी माझ्याच हातात होती.

मी काठीवरचं रबर कापत होतो तेव्हा म्हाताऱ्याने विचारलं, "काय करतूस रं?"

मी सांगितलं.

"माप घेतलं का त्याचं?"

"सहा फूट तीन," मी म्हणालो.

"ती उंची झाली," म्हातारा म्हणाला. "त्याची सुतळी हाय माज्याकडं. निळ्या चिंधीची. कुनाला तरी धाडून आनवू का?"

मला राग आला. खरं सांगायचं तर हसूही आलं. मी सर्टिफिकेटवाला फिटर, माझ्या हातात स्टीलची पट्टी आणि व्हर्नियर, आणि हा मला सुतळी देतोय. मी म्हणालो, "काका, हे रुमणं न्हाई. हा साहेब लोकांचा खेळ हाय."

"आसंना का," तो म्हणाला. "हातातच धरायचं हाय न्हवं?"

मी ग्राइंडर चालू केला. त्या आवाजात बोलता येत नाही, म्हणूनच चालू केला.

काम सुंदर झालं. आजही म्हणेन, मी आयुष्यात इतकं नेटकं काम दुसरं केलं नाही. काठ्या आतून पोकळ असतात. प्रत्येकीच्या वरच्या टोकात लेथवर काढलेली सळई ठोकली, त्यावर त्याच जाडीची नळी चढवली, पितळेची झाळ दिली आणि कानसून असा सांधा केला की बोट फिरवलं तरी लागणार नाही. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळली. तीन दिवस लागले. आठही काठ्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या आणि दादाला बोलावलं.

त्याने एक उचलली, हातात तोलली. "जड झाली रं," म्हणाला.

"सळई हाय आत. मजबूत."

तलावावर गेलो. तो चेंडूपुढे उभा राहिला आणि मला दिसलं की तो आता वाकत नाही. सरळ उभा. माझी छाती फुगली. मग त्याने मारलं. चेंडू डावीकडे बांधावर गेला. दुसराही डावीकडे. तिसऱ्या वेळी पातं चेंडूच्या मागे टणक जमिनीवर आपटलं आणि त्याच्या हाताला झिणझिण्या आल्या, तो मनगट चोळत राहिला. पात्याची टाच जमिनीवर टेकत होती आणि पुढचं टोक वर उचललेलं होतं, हेही मी पाहिलं. पाहिलं आणि मनाशी म्हटलं, सवय नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "बारक्या, थोड्या कमी करता येतील का?"

तो असं काही मागणारा माणूस नव्हे. मी तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी भडकलो. म्हणालो, "आता कुठं कापू? साहेबानंच सांगितलंय मापाच्या कर म्हणून. जलमभर वाकायची सवय लागलीय तुला, सरळ उभं राहायचं तर अवघड वाटणारच."

तो हसला. "बरं," म्हणाला. "आसंल तसंच."

त्याला एसटीत बसवायला आम्ही तिघं कडा गावच्या स्टँडवर गेलो. लांब झालेल्या काठ्या पिशवीतून वर डोकावत होत्या, कंडक्टर त्या टपावर टाका म्हणाला, दादाने ऐकलं नाही, मांडीवर आडव्या घेतल्या. वहिनी खिडकीशी उभी राहून म्हणाली, "खोली बगून या. चूल कुठं मांडता यील ते बगा." बस गेल्यावर ती माझ्याशी घरापर्यंत बोलत आली. एरवी न बोलणारी बाई, त्या दिवशी किती बोलली. कुठली भांडी न्यायची, कुठली इथे ठेवायची. आमच्या आईच्या औषधाचं मला समजावून सांगितलं. मनाने ती कधीच निघून गेली होती.

चौथ्या दिवशी दादा परत आला. पिशवी भिंतीला उभी केली, हातपाय धुवायला पाणी मागितलं नाही, ओट्यावर बसला. "न्हाई जमलं," म्हणाला.

"का पण? कावून?" मी विचारलं.

त्याने पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "लई हिरवं व्हतं रं. जिकडं बगावं तिकडं हिरवं. डोळंच दिपलं. चेंडू दिसंना."

मी ते लगेच धरलं. दोन वर्षं भेगाळलेल्या जमिनीवर खेळलेला माणूस, त्याला ओल्या गवतावर कसं जमणार? मी सगळ्यांना तेच सांगितलं. वर्कशॉपमध्ये सांगितलं, आईला सांगितलं. दुष्काळाने आमचं एवढं नेलं, त्यात हेही नेलं. मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं.

 तिसऱ्या दिवशी मुकादम आला तेव्हा वहिनी आत गेली नाही. तो गेल्यावर ती माळ्यावर चढली आणि गोणपाटाचं गाठोडं खाली काढलं. कोयत्यांना गंज चढला होता. तिने ते उंबऱ्याबाहेर दगडावर घासायला घेतले. दादा म्हणाला, "दे, म्या घासतो." तिने एक त्याला दिला. दोघं शेजारी बसून कोयते घासत होते आणि मी कामावर निघालो होतो. त्या आवाजाने माझे दात आंबले.

त्यानंतर ते अकरा हंगाम गेले. मधल्या काळात पाऊसही झाला, आमचा कारखाना दोनदा सुरू झाला आणि मग कायमचा बंद पडला. साहेबांचं पुन्हा पत्र आलं नाही. ऊस बुडख्यातून तोडावा लागतो, त्यासाठी कमरेत पूर्ण मोडून वाकावं लागतं, आणि कोयत्याला कुणी लांब दांडा लावत नाही. पाच फुटी माणसाचीही कंबर जाते, तिथे दादाचं काय होणार? आठव्या-नवव्या हंगामापासून तो कमरेला फडकं आवळून बांधायचा. अकराव्या हंगामातून त्याला गाडीत आडवा घालून आणला. बीडच्या डॉक्टरने सांगितलं, मणक्यातली गादी झिजलीय, वाकायचं काम बंद, आणि चालताना काठी घ्या.

मी म्हणालो, काठी मी आणतो बाजारातून. दादा म्हणाला, "नगं. सुताराकडं जाऊ."

सुताराला आता दिसत नसल्यासारखंच होतं. तरी छपरात बसून लाकूड चाचपायचा. दादा वहिनीच्या खांद्यावर हात टेकून चालत गेला, मी मागे. आवाजावरून म्हाताऱ्याने ओळखलं. मी विसरलो होतो, पण तो विसरला नव्हता. म्हणाला, "निळी चिंधी. वाशाला तिसरी-चौथी आसंल, काढ." मी हात वर केला. चिंधीचा रंग उडाला होता, सुतळी काळी पडली होती. गाठ तशीच होती.

त्याने बाभळीचा एक दांडका निवडला, सुतळी त्याला लावली, गाठीपाशी नखाने खूण केली आणि करवत मागितली. मी कापून दिला. दादाने तो हातात घेतला, टेकला, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्याचे खांदे सैल झालेले पाहिले. "बास," तो म्हणाला. "आगदी बरूबर."

मी ती काठी सहज बघायला म्हणून त्याच्या हातातून घेतली आणि जमिनीवर टेकली. मूठ माझ्या मनगटाशी आली. एका अंगठ्याच्या जाडीएवढी वर असेल, जास्त नाही. माझ्याहून आठ इंच उंच असलेल्या माणसाची काठी मला, पाच फूट सात इंचाच्या माणसाला, बसत होती. मी काठी खाली-वर करून पाहिली. दुसऱ्या हातात धरून पाहिली. दादाचे हात बाजूला लोंबत होते, गुडघ्यापर्यंत, गुरुजी म्हणायचे तसे. आईने शिंप्याशी घातलेली सगळी भांडणं मला एकदम ऐकू आली. उंची जेवढी वर गेलेली, जवळजवळ तेवढेच हात खाली आलेले. त्याला इंचभर हवी होती. मी साडेचार दिली.

"दादा," मी म्हणालो, "त्या साहेबाच्या काठ्या..."

"व्हय," तो म्हणाला. "लांब झाल्या व्हत्या."

"तुला कळलं होतं?"

"हातात घेतली तवाच कळलं. आपला साहेब तिथं आला व्हता, त्यालाबी कळलं. दोन चेंडू बगितलं आन् म्हनला, ह्या कुनी केल्या? म्या म्हनलं, माज्या भावानं. तर म्हनला, ठेव त्या, ह्या माज्या घे. नव्या आनल्या व्हत्या त्यानं. पुढं केल्या."

"मग?"

"न्हाई घेतल्या." दादा जमिनीकडे बघत होता. "चार मानसं उभी व्हती. त्यांच्यापुढं तुज्या हातचं काम खाली ठिवायचं? तीन दिस खपला व्हतास तू. लई खुशीत व्हतास. म्या म्हनलं, मारू ह्याच काठ्यानं, जमलं तर जमलं."

 मला रडू आलं आणि त्यात, सांगायला लाज वाटते, थोडं बरंही वाटलं, की माझ्या भावाने माझ्यासाठी एवढं केलं. मी त्याचे पाय धरायला पुढे झालो.

तेव्हा वहिनी बोलली. ती दाराशी उभी होती हे आम्ही दोघंही विसरलो होतो. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, "साहेब चांगल्या काठ्या देत व्हता?"

दादाने होकाराची मान हलवली.

"हातात देत व्हता, आन् तुमी घेतल्या न्हाईत."

"अगं, भावाचं मन..."

"भावाचं मन राखलं तुमी," वहिनी म्हणाली. "आन् मला अकरा वर्सं हिरव्या गवताचं सांगितलं. माजं मन कुनी राखायचं व्हतं?"

सुतार खाली मान घालून लाकडाच्या ढलप्या गोळा करत राहिला.   वहिनीने थोडा वेळ वाट पाहिली, खरोखर उत्तराची वाट पाहिली, मग पुढे येऊन काठी माझ्या हातातून घेतली, दादाच्या उजव्या हातात दिली, आणि त्याचा डावा हात आपल्या खांद्यावर ठेवला. दोघं बाहेर पडले.

मी सुतळी परत वाशाला बांधायला उभा राहिलो. वर गावातल्या घरांच्या तीसेक सुतळ्या होत्या, त्यांत एकही बाईची नव्हती. दारातून ती दोघं जाताना दिसत होती. दादा काठी टेकत बऱ्यापैकी सरळ चालला होता. वहिनीची कंबर त्याच्याहून जास्त वाकली होती, आणि ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.